हे पाहिलं कोणी? : युद्धाच्या बातम्या आणि आपण बायका

(महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय जडच आहे. सरकारचं परराष्ट्र धोरण, युद्ध आणि प्रसारमाध्यमं. सकाळच्या सत्रात आपण रेशनबद्दल बोललो, पोटगीच्या केसेसबद्दल बोललो, आणि जेवणानंतर एकदम इराक आणि अफगाणिस्तान! मघाशी चहाच्या वेळी एकीने मला विचारलंच, "ताई, याचा आपल्या कामाशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी लगेच देत नाही. आधी माझी एक चूक सांगते.

१९९० सालच्या २ ऑगस्टला सद्दाम हुसेनच्या सैन्याने कुवेत ताब्यात घेतलं. तेव्हा मी मुंबईतल्या एका वस्तीत काम करत होते. कुवेतमध्ये आपली लाखाच्या वर माणसं पोटासाठी गेलेली होती. ती वाळवंट तुडवत जॉर्डनला पोचली आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आली. दोन महिन्यांत लाखाहून जास्त माणसं अशी परत आणली गेली. आमच्या वस्तीतल्या एका बाईचा नवरा तिकडे ड्रायव्हर होता. तोही एक पिशवी घेऊन घरी आला. दोन वर्षांची कमाई तिकडेच राहिली.

पुढे काही आठवड्यांनी पेपरात एक बातमी वाचली. इराकी सैनिक कुवेतच्या इस्पितळात शिरले, अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या काचेच्या पेट्यांमध्ये ठेवतात त्या इन्क्युबेटरमधून त्यांनी बाळं काढून गार फरशीवर टाकली, आणि पेट्या लुटून नेल्या. पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने अमेरिकेत रडत रडत ही साक्ष दिली होती. ती बातमी मी आमच्या बैठकीत वाचून दाखवली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. फक्त त्या ड्रायव्हरची बायको म्हणाली, "ताई, हे पाहिलं कोणी? आमच्या ह्यांनी लूट पाहिली, गोळीबार पाहिला. पण हे काही ते बोलले नाहीत."

मला तिचा राग आला. मी म्हटलं, "एक मुलगी स्वतः सांगते आहे. बाईच्या शब्दावर आपणच विश्वास ठेवायचा नाही, तर कोणी ठेवायचा?" ती गप्प बसली. आमच्या संघटनेचंच वाक्य मी तिच्या तोंडावर फेकलं होतं. त्यावर ती काय बोलणार?

त्या मुलीची साक्ष

आता ती साक्ष कशी घडली ते ऐका. १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकन काँग्रेसमधल्या मानवी हक्क गटापुढे ती झाली. ही काँग्रेसची अधिकृत समिती नव्हती. त्यामुळे तिथे शपथ नव्हती, आणि खोटं बोलल्याबद्दल शिक्षाही नव्हती. मुलीचं फक्त पहिलं नाव सांगितलं गेलं, नायिरा. कुवेतमधल्या नातेवाइकांना धोका होऊ नये म्हणून आडनाव सांगत नाही, असं कारण दिलं. मी इस्पितळात स्वयंसेविका होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं, असं ती म्हणाली.

ती होती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी. राजदूत स्वतः त्या दिवशी तिथे हजर होते. साक्षीची सगळी व्यवस्था हिल अँड नोल्टन नावाच्या जनसंपर्क कंपनीने केली होती. साबण आणि सिगारेट खपवायला मदत करतात, तसल्या या कंपन्या. तिला हे काम 'सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत' या संस्थेने दिलं होतं. नाव नागरिकांचं, पण पैसा जवळजवळ सगळा कुवेत सरकारचा होता. कंपनीला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. कंपनीने त्या साक्षीची चित्रफीत स्वतःच तयार करून टीव्ही केंद्रांना पुरवली. केंद्रांनी ती बातमी म्हणून दाखवली. पाहणाऱ्याला कसं कळणार, की ही बातमी वार्ताहराने आणलेली नाही, दुकानातून तयार आलेली आहे?

त्यानंतर अध्यक्ष बुश (थोरले) भाषणामागून भाषणात ही गोष्ट सांगत राहिले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संघटनेनेही डिसेंबरमध्ये आपल्या अहवालात तिला जागा दिली आणि तीनशेहून जास्त बाळं दगावल्याचं म्हटलं. १२ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकन सिनेटने युद्धाला मंजुरी दिली. मतं पडली ५२ विरुद्ध ४७, म्हणजे फक्त पाच मतांचा फरक. त्या चर्चेतही काही सिनेटरांनी बाळांची गोष्ट सांगितली.

युद्ध संपल्यावर वार्ताहर कुवेतच्या इस्पितळांत गेले, डॉक्टरांना भेटले. तसं घडल्याचा पुरावा मिळाला नाही. एप्रिल १९९१ मध्ये ॲम्नेस्टीने आपलं म्हणणं मागे घेतलं. ती मुलगी कोणाची, हे जॉन मॅकार्थर या पत्रकाराने १९९२ च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं. तोवर युद्ध संपून जवळजवळ वर्ष होत आलं होतं.

इथे कोणी गैरसमज करून घेऊ नका. कुवेतमध्ये इराकी सैन्याने अत्याचार केले. माणसं मारली, छळ केला, बायकांवर बलात्कार केले. हे सगळं खरं आहे. पण जे खरं होतं त्याची जाहिरात करायला कंपनीला ते पुरेसं वाटलं नाही.

आणि दुसरी बाजूही बघा. कुवेत मुक्त झाल्यावर तिथल्या घरांतून मोलकरणी पळून आपापल्या वकिलातींत येऊ लागल्या. या बायका श्रीलंकेच्या, फिलिपिन्सच्या, बांगलादेशच्या आणि आपल्या भारताच्याही. मालकांनी मारलेल्या, पगार थकवलेल्या, काही जणींवर बलात्कार झालेला. 'मिडल ईस्ट वॉच' या मानवी हक्क संघटनेने १९९२ मध्ये यावर अहवाल काढला. साधारण वर्षभरात दोन हजारांच्या आसपास बायका अशा पळाल्या होत्या. त्यांनीही साक्षी दिल्याच होत्या. त्यांची चित्रफीत कोणत्या कंपनीने काढून टीव्हीला पुरवली? कोणता अध्यक्ष त्यांच्याबद्दल भाषणात बोलला? बाईचा शब्द तोच. पण एकीचा शब्द युद्धाच्या उपयोगाचा होता, या दोन हजार जणींचा नव्हता.

पडद्यावरचं युद्ध

१७ जानेवारी १९९१ ला बगदादवर बॉम्बफेक सुरू झाली. आपल्याकडे तोवर एकटं दूरदर्शन होतं. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून तेव्हा पहिल्यांदा सीएनएन दिसू लागलं. पुढे गल्लोगल्ली केबलवाले झाले, त्याची सुरुवात या युद्धापासून झाली. परदेशी वाहिनीशी आपली पहिली ओळखच अशी, हिरव्या अंधारात फुटणारे दिवे. दिवाळीसारखं दिसतं, असं लोक म्हणत. मीही हे ऐकलं आहे.

पडद्यावर 'हुशार' बॉम्ब दाखवले जात. खिडकीतून नेमका आत शिरणारा, शेजारच्या घराला धक्का न लावणारा. लष्करी अधिकारी छडी घेऊन समजावून सांगत आणि पत्रकार लिहून घेत. शस्त्रक्रियेसारखा अचूक हल्ला, हा शब्द तेव्हापासून रुळला. युद्ध संपल्यावर अमेरिकन हवाई दलानेच आकडे दिले. टाकलेल्या बॉम्बमध्ये वजनाने शंभरातले सात-आठच असे नेम धरणारे होते. उरलेले ब्याण्णव-त्र्याण्णव साधे, वरून सोडून द्यायचे. ते कुठे पडले, त्याची चित्रफीत कोणी दाखवली नाही.

१३ फेब्रुवारीच्या पहाटे बगदादच्या अमिरिया भागातल्या आसऱ्याच्या तळघरावर दोन बॉम्ब पडले. हे बॉम्ब मात्र हुशारांपैकीच होते. आत रात्री झोपायला आलेली माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं. चारशेहून जास्त जण भाजून मेले. तिथे लष्करी केंद्र होतं, असं अमेरिकेचं म्हणणं. परदेशी वार्ताहरांना आत नेण्यात आलं, तेव्हा त्यांना तसं काही दिसलं नाही. ज्या देशांच्या टीव्हीने कुवेतच्या बाळांसाठी अश्रू ढाळले होते, तिथे या प्रेतांची चित्रं दाखवावीत की नाही यावर वाद झाला. दाखवणाऱ्या वार्ताहरांना सद्दामचे हस्तक म्हटलं गेलं.

आणि याच दिवसांत अमेरिकेची लष्करी विमानं आपल्या मुंबईच्या विमानतळावर उतरून इंधन भरत होती. चंद्रशेखर सरकारने तशी परवानगी दिली होती. बातमी बाहेर आल्यावर गदारोळ झाला आणि फेब्रुवारीत ते बंद पडलं. आम्ही हॉटेलातल्या टीव्हीवरचं दूरचं युद्ध म्हणून जे पाहत होतो, ते आमच्या वस्तीवरून उडत जात होतं.

बुरखा आणि बॉम्ब

आता दहा वर्षं पुढे. अफगाणिस्तानात तालिबानने १९९६ पासून बायकांचं शिक्षण, नोकरी, एकटीने घराबाहेर पडणं बंद केलं होतं. तिथल्या स्त्रियांची एक संघटना आहे, रावा. १९७७ साली काबूलमध्ये स्थापन झालेली. तिची संस्थापक मीना, १९८७ मध्ये क्वेट्ट्याला तिचा खून झाला. या संघटनेच्या बायका घराघरांतून चोरून मुलींच्या शाळा चालवत. नोव्हेंबर १९९९ मध्ये काबूलच्या स्टेडियममध्ये एका बाईला हजारो लोकांसमोर गोळी घालून मारलं गेलं. रावाच्या बायकांनी बुरख्याखाली कॅमेरा लपवून ते चित्रित केलं. जीव धोक्यात घालून केलेलं काम ते! ते चित्रण जगातल्या बहुतेक लोकांनी पाहिलं ते २००१ साली, आणि अमेरिकेवर ११ सप्टेंबरचा हल्ला झाल्यावर तर परत परत पाहिलं. ती बाई तीच, गोळी तीच, चित्रणही तेच. मधल्या दोन वर्षांत त्याची कोणाला घाई नव्हती.

७ ऑक्टोबर २००१ ला बॉम्बफेक सुरू झाली. १७ नोव्हेंबरला अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी अध्यक्षांच्या जागी आठवड्याचं रेडिओ भाषण केलं. दहशतवादाविरुद्धची लढाई ही स्त्रियांच्या हक्कांसाठीची आणि प्रतिष्ठेसाठीचीही लढाई आहे, असा त्याचा आशय होता. आपले शब्द, मैत्रिणींनो! हक्क, प्रतिष्ठा, मुक्ती. आपण जन्मभर पत्रकांवर छापले ते शब्द बॉम्बर विमानांवर चिकटवले गेले. पेपरांनी आणि वाहिन्यांनी ते उचलले. बुरखा टाकून हसणाऱ्या बाईचा फोटो त्या महिन्यात सगळीकडे छापून आला.

रावा काय म्हणत होती? तालिबान तर नकोच, पण अमेरिकेची बॉम्बफेकही नको, आणि अमेरिका ज्या नॉर्दर्न अलायन्सच्या सरदारांना हाताशी धरते आहे त्यांनीही १९९२ नंतरच्या यादवीत बायकांवर अत्याचार केले आहेत. रावाचं चित्रण हवं होतं. तिचं मत मात्र अडचणीचं होतं.

त्याच ऑक्टोबरमध्ये सीएनएनच्या प्रमुखाने आपल्या वार्ताहरांना लेखी सूचना दिली. अफगाणिस्तानातल्या नागरिकांचे मृत्यू दाखवाल तेव्हा अमेरिकेत किती माणसं मेली याची आठवण सोबत द्या, असा तिचा अर्थ. मेलेल्या अफगाण मुलाची बातमी म्हणजे मेलेल्या मुलाची बातमी, एवढं पुरे नव्हतं. सरकारने ही सूचना दिली नव्हती. वाहिनीने स्वतःहून दिली. आपल्याकडे सासूने न सांगताच पदर सावरणारी सून असते ना, तसंच हे.

बातमीचा फेरा

२००२ मध्ये इराकवर दुसऱ्यांदा युद्धाची तयारी सुरू झाली. तेव्हाचा एक दिवस मी तुम्हाला तपशिलात सांगते, कारण हे यंत्र कसं चालतं ते त्यात स्वच्छ दिसतं.

८ सप्टेंबर २००२, रविवार. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी आली, की इराक ॲल्युमिनियमच्या विशिष्ट नळ्या मिळवायचा प्रयत्न करतो आहे, आणि त्या अणुबॉम्बसाठी लागतात. लिहिणारे मायकेल गॉर्डन आणि ज्युडिथ मिलर. आधार कोणाचा? नाव न सांगणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचा. त्याच सकाळी उपाध्यक्ष चेनी टीव्हीवर आले आणि म्हणाले, आजच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्येच आलं आहे पाहा. सुरक्षा सल्लागार कॉन्डोलीझा राइस दुसऱ्या वाहिनीवर अणुस्फोटाच्या ढगाची भीती दाखवत होत्या.

लक्षात आलं? सरकारच्या माणसांनी पेपरच्या कानात सांगितलं. पेपरने छापलं. मग सरकारने पेपरकडे बोट दाखवलं, की बघा, एवढा मोठा पेपर म्हणतो आहे. आपल्या गावात एखाद्या पोरीची बदनामी अशीच होते. एक जण पारावर बोलतो, दुसरा पुढे सांगतो, आणि पहिलाच संध्याकाळी म्हणतो, "सगळं गाव बोलतंय."

त्या नळ्या साध्या तोफगोळ्यांच्या रॉकेटसाठी असाव्यात, असं अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांचं मत होतं. नाइट रिडर या वृत्तसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल मोठ्या साहेबांऐवजी खालच्या अधिकाऱ्यांना भेटत होते आणि सरकारच्या दाव्यांमध्ये दम नाही असं लिहीत होते. त्यांचे पेपर राजधानीबाहेरचे. राजधानीत त्यांची दखल घेतली गेली नाही. म्हणजे प्रश्न विचारणं अशक्य होतं असं नाही. ज्यांनी विचारले, ते पहिल्या पानावर पोचले नाहीत.

५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत इराकच्या शस्त्रांचे 'पुरावे' मांडले. त्या भाषणाच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा, फेअर या माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकन संस्थेने चार मोठ्या वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्या मोजल्या. इराकबद्दल बोलायला ३९३ माणसं पडद्यावर आली. त्यांतली युद्धविरोधी संघटनांची किती? तीन. आणि हे कधी, तर १५ फेब्रुवारीला जगभरातल्या शेकडो शहरांत लाखोंनी माणसं युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरणार होती तेव्हा. व्हाइट हाउससमोर 'कोड पिंक'च्या बायका नोव्हेंबरपासून ८ मार्चपर्यंत थंडीत ठाण मांडून बसल्या होत्या. त्यांच्यासाठी स्टुडिओत खुर्ची नव्हती. त्याच महिन्यात एमएसएनबीसी वाहिनीने फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. युद्धाच्या काळात हा चेहरा वाहिनीला अडचणीचा ठरेल, असं वाहिनीच्या अंतर्गत टिपणात म्हटलं होतं.

युद्ध झालं. शस्त्रं सापडली नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने इराककडे असे साठे नव्हते असा अहवाल दिला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मे २००४ मध्ये आपल्या बातम्यांतल्या चुका कबूल केल्या, आतल्या पानावर. नळ्या पहिल्या पानावर आणि दिलगिरी आत. तोवर इराकमध्ये हजारो माणसं मेली होती, आणि पुढे मेलेल्या नागरिकांची संख्या लाखाच्या वर गेली.

सोडवलेली मुलगी

या युद्धातही एक मुलगी लागली. जेसिका लिंच, एकोणीस वर्षांची, अमेरिकन सैन्यात पुरवठा विभागात. २३ मार्च २००३ ला नासिरियाजवळ तिची तुकडी वाट चुकली आणि तिच्यावर हल्ला झाला. १ एप्रिलला सैनिकांनी रात्री इस्पितळातून तिला 'सोडवलं', कॅमेऱ्यासकट. दोन दिवसांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं, की गोळ्या संपेपर्यंत ती लढली, तिला गोळ्या लागल्या, भोसकलं गेलं. रणरागिणी तयार झाली.

खरं काय होतं? तिची बंदूक अडकली होती, तिने एकही गोळी झाडली नव्हती. जखमा गाडीच्या अपघाताच्या होत्या. इराकी डॉक्टर-नर्सनी तिची शुश्रूषा केली होती. हे पुढे तिने स्वतःच सांगितलं. २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर ती बोलली, आणि या लोकांनी मला दंतकथा बनवायला खोटं का सांगितलं ते मला कळत नाही, अशा अर्थाचं तिने विचारलं. मला ही मुलगी फार मोठी वाटते. फुकटचं शौर्य तिच्या पदरात टाकलं जात होतं, ते तिने नाकारलं.

त्याच तुकडीत तिची मैत्रीण होती, लोरी पिएस्टेवा, होपी या आदिवासी जमातीची, दोन लहान मुलांची आई. ती मेली. त्या युद्धात मेलेली पहिली अमेरिकन स्त्री ती. शोशाना जॉन्सन ही कृष्णवर्णीय स्वयंपाकी पायाला गोळ्या लागून पकडली गेली, तीन आठवडे कैदेत होती. या दोघींची नावं किती जणींनी ऐकली आहेत? बातमीला बाई लागते, पण सगळ्या बायका चालत नाहीत.

आणि इराकी बायका? १९५९ पासून इराकमध्ये बऱ्यापैकी पुरोगामी असा कुटुंब कायदा होता. डिसेंबर २००३ मध्ये, म्हणजे अमेरिकेचा ताबा असताना, अमेरिकेने नेमलेल्या शासन मंडळाने ठराव क्रमांक १३७ करून तो रद्द करायचं ठरवलं. लग्न, तलाक, वारसा सगळं धर्मगुरूंच्या हाती जाणार होतं. इराकी बायका रस्त्यावर आल्या, आणि दोन महिन्यांत तो ठराव मागे घ्यावा लागला. केवढी ही लढाई! आपल्याला तर लगेच कळेल ती, कुटुंब कायद्यांसाठी आपणही लढलो आहोत. पण युद्धाच्या बातम्यांत तिला कितीशी जागा मिळाली? जानेवारी २०२५ मध्ये स्त्री संघटनांचा विरोध डावलून इराकच्या संसदेने त्या कायद्यात अखेर तशा दुरुस्त्या केल्याच.

अफगाणिस्तानचंही ऐका. २०२० सालात अमेरिकेच्या तीन मोठ्या वाहिन्यांनी संध्याकाळच्या राष्ट्रीय बातम्यांत अफगाणिस्तानला मिळून पाच मिनिटं दिली. चौदा हजारांहून जास्त मिनिटांत पाच! त्या वर्षी तालिबानशी करार झाला होता, आणि वाटाघाटींत अफगाण बायकांना विचारतो कोण, हा खरा प्रश्न होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत काबूलमध्ये आले. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद झाली. ज्यांच्या मुक्तीसाठी युद्ध केलं असं वीस वर्षं सांगितलं, त्या बायकांचं हे असं झालं.

आपल्या घरी

हे दुखणं अमेरिकेचंच आहे असं समजू नका. कारगिलचं युद्ध १९९९ मध्ये आपल्याकडे पहिल्यांदा घराघरांत टीव्हीवर आलं, आणि जवानाच्या आईसमोर, बायकोसमोर कॅमेरा धरायची रीत पडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत आपल्या डोंबिवलीची, पनवेलची, पुण्याचीही होती. मे महिन्यात झालेल्या लष्करी कारवाईला नावच 'सिंदूर' दिलं गेलं. त्या रात्रींत आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ओरडून सांगितलं. तसं काही झालेलं नव्हतं. त्या बायकांचं दुःख खरं होतं, कोणाचंही काळीज पिळवटेल असं. त्यांचं कुंकू पुसलं गेलं ते देशाचं प्रतीक झालं. पण नवरा गमावलेल्या बाईने सूड नको, शांतता हवी असं म्हटलं, की तिलाच शिव्या बसतात. प्रतीक म्हणून ती चालते, माणूस म्हणून बोलली की चालत नाही.

आता त्या चहाच्या वेळच्या प्रश्नाकडे येते. संबंध काय? संबंध असा, की युद्धाची बातमी आपल्या दारात येते ती आपल्या कळवळ्याच्या वाटेने. 'बाईच्या शब्दावर विश्वास ठेवा' हे आपलं म्हणणं. ते सोडायचं का? मुळीच नाही. पण आपल्या केंद्रावर मार खाऊन एखादी बाई येते तेव्हा आपण काय करतो? तिचं ऐकतो, तिच्या बाजूने उभ्या राहतो, आणि मग कामाला लागतो. तिच्या घरी जातो, शेजारणींना विचारतो, दवाखान्याचे कागद काढतो, ठाण्यात बसतो. विश्वास ठेवला म्हणजे आपलं काम तिथे सुरू होतं. नायिराच्या साक्षीवर जगाने विश्वास ठेवला आणि तिथेच काम थांबवलं. कोणी इस्पितळाचं नाव घेऊन डॉक्टर शोधला नाही. मीही नाही. माझ्यासमोर बसलेल्या, कुवेतहून आलेल्या माणसाच्या बायकोलासुद्धा मी नीट बोलू दिलं नाही.

म्हणून एक साधं काम सुचवते. प्रत्येक गटाने एक वही करावी. युद्धाची, सीमेवरची, शत्रुराष्ट्राची मोठी बातमी आली की कात्रण चिकटवायचं, टीव्हीवरची असेल तर लिहून ठेवायची, आणि खाली पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची. हे पाहिलं कोणी, त्याचं नाव आहे का? सांगणाऱ्याला इथवर कोणी आणलं, खर्च कोणाचा? बातमीत बाई असेल तर ती बोलते आहे की नुसती दिसते आहे? कोणाला विचारलेलं नाही? आणि तीन महिन्यांनी, त्या बातमीचं पुढे काय झालं, दुरुस्ती आली का आणि कुठल्या पानावर? पहिल्या चार प्रश्नांना वेळ लागत नाही. पाचव्याला चिकाटी लागते, पण ती आपल्याकडे आहे. कोर्टाच्या तारखांनी आपल्याला ती शिकवली आहे.

इस्रायलमध्ये १९८८ पासून, बेलग्रेडमध्ये १९९१ पासून काळे कपडे घातलेल्या बायका आपल्याच देशाच्या युद्धाविरुद्ध चौकात मूकपणे उभ्या राहत आल्या आहेत. त्यांच्यावर लोक थुंकले, देशद्रोही म्हणाले. कॅमेरे बहुतेक वेळा नव्हतेच. तरी त्या उभ्या राहिल्या. आपल्याला चौकात उभं राहणं जमेल न जमेल, बैठकीत प्रश्न विचारणं तरी जमायला हवं.

त्या ड्रायव्हरच्या बायकोची मी पुढे माफी मागितली. १९९२ मध्ये सगळी हकीकत वाचली तेव्हा तिच्या घरी गेले आणि सांगितलं, "तुझा प्रश्न बरोबर होता, मी तुला गप्प केलं." ती भांडी घासत होती. म्हणाली, "अहो ताई, मी काही फार मोठं विचारलं नव्हतं. आमच्या नळावर भांडण झालं तरी आधी आम्ही हेच विचारतो."

एवढंच मला सांगायचं होतं. आता तुम्ही बोला.